ऐतिहासिक घर विकणे आहे

गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक छोटी जाहिरात आली. "बाजारपेठेपासून दोन मिनिटांवर, नूतनीकरण केलेला ऐतिहासिक वाडा विकणे आहे." मी एजंटला फोन लावला. म्हटलं, ऐतिहासिक म्हणजे नेमकं काय? कोण राहायचं तिथं? तो म्हणाला, "जुना आहे ना साहेब, सागवानी खांब आहेत. बाकी मालकांनाही ठाऊक नाही."

मला लंडनचं एक घर आठवलं. १०, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथं राहायचे. राजवाडा नाही, किल्ला नाही. रांगेतल्या इतर घरांसारखंच एक घर. पण दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, आणि ते घर कुणाचं होतं हे लोकांना माहीत होतं.

म्हणूनच ते विक्रीला निघालं तेव्हा ब्रिटनमधल्या आंबेडकरी संघटनांनी पाठपुरावा केला. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ३० लाखांहून जास्त पौंड मोजून ते घेतलं. तेव्हा कट्ट्यावर अनेकांनी विचारलं, एका घरासाठी एवढे पैसे कशाला?

उत्तरासाठी १९१७ च्या बडोद्यात जावं लागतं. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण जातीमुळे त्यांना राहायला खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी सरायीत राहिले. ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. अखेर ते मुंबईला परतले. ज्या माणसाला आपण एक खोली दिली नाही, त्याचं भाड्याचं घर जपायला आपल्याच राज्याने पैसे मोजले. हा खर्च मला तरी महाग वाटत नाही.

पण घर विकत घेतलं म्हणजे काम संपलं असं नसतं. निवासी घराचं संग्रहालय करायला तिथं परवानगी लागते, आणि ती आधी घेतलेली नव्हती. २०१८ मध्ये कॅम्डेन कौन्सिलने अर्ज फेटाळला. राहत्या घराची जागा कमी होते, हा मुख्य मुद्दा. शेजाऱ्यांची गर्दी-गोंगाटाची तक्रारही होती. २०१९ मध्ये सुनावणी झाली. शेवटी मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. हेतू कितीही चांगला असो, कागद वेळेत लागतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. घर विकण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे. चार भाऊ, वाटण्या, गळकं छप्पर, हे सगळं मी जवळून पाहिलंय. त्यामुळे "वाडा वाचवा" म्हणून मी ओरडणार नाही. पण विकण्याआधी तिथं कोण राहिलं, कुठली शाळा भरली, कुठल्या बैठका झाल्या, आणि कुणाला उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही, एवढं तरी लिहून ठेवता येईल. चार फोटो, जुना उतारा, आजी-आजोबांशी तासभर गप्पा. त्याला पैसे लागत नाहीत.

या वाड्यात कुणी भाडेकरू म्हणून राहिलं असेल, कामाला गेलं असेल, तर कळवा. मी वही घेऊन येतो.