एक्सेलचा ताळा

‘एक्सेल येतं का?’ असं कुणी विचारलं की आपण पटकन ‘हो’ म्हणतो. बेरीज येते, सरासरी येते, रकान्यात रंग भरता येतो. दुसऱ्या टोकाला मॅक्रो लिहिणारी मंडळी असतात. या दोन्हींच्या मधे एक पायरी आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आज बोलायचंय ते त्या पायरीच्या इतिहासाबद्दल. ती चुकली की काय होतं, हे या इतिहासात चांगलंच दिसतं.

सुरुवात १९७८ सालची. हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी डॅन ब्रिकलिन वर्गात बसून फळ्याकडे बघत होता. फळ्यावरचा एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम यंत्राने आपोआप केलं तर? ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तसा प्रोग्राम बनवला आणि १९७९ मध्ये ॲपल-२ संगणकावर ‘व्हिजीकॅल्क’ आलं. मोठी सोय झाली, पण एक गोष्ट निसटली. फळ्यावर प्रत्येक आकडा डोळ्यांखालून जात होता. आता दिसायचं ते फक्त उत्तर. सूत्र गेलं चौकटीच्या आत.

मग १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं. यात तारीख म्हणजे आतून एक साधा आकडा असायचा: १ जानेवारी १९०० म्हणजे १, पुढचा दिवस २. गंमत अशी, की लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं. ते नव्हतं! पण लोटसच्या फायली आपल्याकडे नीट चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये ही चूक जाणूनबुजून तशीच ठेवली. आजही एक्सेलच्या चौकटीत ६० लिहा आणि तिला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल, म्हणजे कधी उगवलाच नाही असा दिवस.

थोडक्यात, चौकटीत दिसतं एक आणि आत असतं दुसरंच. जनुकशास्त्रज्ञांना याचा भलताच ताप झाला. ‘मार्च १’ हे एका जनुकाचं संक्षिप्त नाव. एक्सेल त्याची तारीख करून टाकायचं. एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचं २०१६ मध्ये दिसून आलं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर झालं. माणसाने सॉफ्टवेअरपुढे हात टेकले म्हणा ना!

आता सूत्राच्या व्याप्तीची गोष्ट. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला. सरकारी खर्चात कपात हवी म्हणणाऱ्यांनी तो जगभर पुढे केला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची फाइल उघडली. सरासरीचं सूत्र ३०व्या ओळीपासून ४४व्या ओळीपर्यंतच होतं. देश होते ४९व्या ओळीपर्यंत. पाच देश बाहेर! खरं सांगायचं तर निकालातला मोठा फरक माहिती निवडण्याच्या आणि तिला वजन देण्याच्या पद्धतीमुळे पडला होता, एकट्या या चुकीमुळे नव्हे. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, मुख्य निष्कर्ष मात्र सोडला नाही. पण पाच ओळी सुटल्याचं तीन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही, हेही खरंच.

यापेक्षा जिवाशी आलेली गोष्ट घडली इंग्लंडमध्ये, २०२० च्या ऑक्टोबरात. कोविडचे निकाल जुन्या धाटणीच्या एक्सेल फायलींत भरले जात होते. त्या फायलीत ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढच्या मावत नाहीत. तब्बल १५,८४१ रुग्ण मोजणीतून राहिले. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध उशिरा सुरू झाला.

या साऱ्यांत अवघड सूत्र कुठेच नाही, बघा. राहून गेला तो ताळा. शाळेत गणित सुटल्यावर बाई सांगायच्या ना, ‘ताळा करून पाहा’? माझ्या मते मधली पायरी म्हणजे नेमकं हेच.

ते करायचं कसं? मूळ यादीत किती नोंदी आहेत ते मोजा आणि शेवटच्या तक्त्यातल्या संख्येशी जुळवा. यादीला ‘टेबल’ करा, म्हणजे नवी ओळ भरली की टेबलच्या नावाने लिहिलेलं सूत्रही तिथवर पोचतं. व्हीलुकअप वापरताना शेवटी ‘फॉल्स’ लिहायला विसरू नका. नाहीतर ते जवळपासचं उत्तर उचलतं आणि चुकलं तरी तक्रार करत नाही. पिव्होट टेबल केलंत तर त्याची एकूण बेरीज मूळ रकान्याच्या बेरजेशी ताडून बघा. आणि बेरीज शून्य आली, तर आकडे मजकूर म्हणून तर बसले नाहीत ना, ते तपासा.

हे सगळं शिकायला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. सवय लागायला थोडा वेळ जातो, पण एकदा लागली की समोरच्याने पाठवलेली फाइलही तुम्ही वेगळ्या नजरेने बघू लागता. करून बघा, आणि आपल्या जुन्या फायलींत काय सापडलं ते मला जरूर कळवा.