संयुक्त लाकूड

संयुक्त लाकूड म्हणजे लाकडाच्या आखूड, वेड्यावाकड्या किंवा सदोष नगांमधील निरोगी भाग निवडून ते आसंजकाने (चिकटद्रव्याने) परस्परांस जोडून तयार केलेले बांधकामोपयोगी लाकूड होय. इंग्रजीत यास ‘इंजिनिअर्ड वुड’ असे म्हणतात. तुळया, खांब, कमानी, भिंतींचे व तक्तपोशीचे फलक, दारे, चौकटी असे अनेक घटक या पद्धतीने बनवले जातात. मोठ्या घेराचे, सरळ वाढलेले जुने वृक्ष दुर्मिळ होत चालल्यामुळे लागवडीतील लहान झाडे, विरळणीत निघालेले ओंडके आणि वखारीत उरणारे तुकडे यांचा सुरक्षित उपयोग करण्याचा हा एक प्रमुख मार्ग आहे.

हलक्या प्रतीचे लाकूड

लाकडाची प्रत मुख्यतः त्यातील दोषांवरून ठरते. फांदी जेथून फुटते तेथे गाठ तयार होते व तिच्याभोवती तंतूंची दिशा वळते. तंतूंच्या दिशेने लाकूड ताण चांगला सोसते, परंतु आडव्या दिशेने त्याची ताणशक्ती फार कमी असते. म्हणून गाठीपाशी फळी सहज तुटते. चिरा, तिरपे तंतू, कडेला राहिलेली साल, कुजलेला भाग आणि किडीची भोके हे इतर दोष होत.

वाळताना लाकूड आकसते. वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने होणारे आकुंचन त्रिज्येच्या दिशेने होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. या विषमतेमुळे फळीला बाक किंवा पीळ येतो. लवकर तोडलेल्या झाडात मज्जेलगतच्या कोवळ्या लाकडाचे प्रमाण अधिक असल्याने हा दोष अधिक आढळतो.

मूलतत्त्व

संयुक्त लाकडाचे सामर्थ्य दोन गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट म्हणजे दोषांची विभागणी. अखंड तुळईत एखादी मोठी गाठ असल्यास संपूर्ण तुळईचे बळ त्या एका जागेवरून ठरते. तीच तुळई दहा समान थरांची केल्यास एका थरातील गाठ छेदाच्या दहाव्या भागापलीकडे पसरू शकत नाही, आणि सर्व थरांतील गाठी एकाच ठिकाणी येण्याचा संभव अत्यल्प असतो. त्यामुळे अशा तुळयांच्या बळात परस्परांत फारसा फरक पडत नाही व अभियंत्यास त्यांच्यावर अधिक विश्वासाने भार टाकता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे योग्य जागी योग्य प्रत. दोन्ही टोकांना आधार असलेली तुळई भाराखाली वाकते तेव्हा तिचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मध्यावर हे दोन्ही प्रतिबल शून्य असतात. आयताकृती छेदाच्या तुळईची ताठरता उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून उंचीचा मधला अर्धा भाग एकूण ताठरतेत केवळ एक अष्टमांश वाटा उचलतो. उरलेले सात अष्टमांश काम वरचा व खालचा चतुर्थांश मिळून करतात. यावरून हलक्या प्रतीच्या फळ्या गाभ्यात आणि उत्तम फळ्या बाहेरच्या थरांत घालण्याची पद्धत रूढ झाली. सर्वांत खालच्या थराची निवड विशेष काटेकोरपणे करावी लागते.

निर्मितीप्रक्रिया

१. *वाळवणे* – ओल्या लाकडावर चिकटद्रव्य नीट धरत नाही आणि नंतरच्या आकुंचनाने सांधे उकलतात. म्हणून फळ्या भट्टीत वाळवून त्यांतील आर्द्रता साधारणपणे ८ ते १५ टक्क्यांपर्यंत आणतात. लगतच्या फळ्यांच्या आर्द्रतेत फार तफावत नसावी लागते.

२. *प्रतवारी व दोष काढणे* – डोळ्यांनी पाहून किंवा यंत्राने ताठरता मोजून फळ्यांची प्रत ठरवतात. मोठ्या गाठी व कुजके भाग करवतीने कापून टाकतात.

३. *लांबीचे सांधे* – उरलेल्या तुकड्यांच्या टोकांना दातेरी आकार देऊन ते एकमेकांत बसवतात. दोन हातांची बोटे परस्परांत गुंफावीत तसा हा सांधा दिसतो, म्हणून त्यास ‘फिंगर जॉइंट’ म्हणतात. लाकडाचे कापलेले टोक सपाट ठेवून चिकटवल्यास सांधा अगदी कमकुवत होतो. दात्यांमुळे चिकटण्याचा पृष्ठभाग वाढतो व तो तंतूंना जवळजवळ समांतर होतो.

४. *रंधा व आसंजक* – चिकटवण्यापूर्वी फळ्यांवर रंधा मारून ताजा, सपाट पृष्ठभाग उघडा करतात व त्यावर लवकरच आसंजक लावतात.

५. *दाब* – थर रचून आसंजक पक्के होईपर्यंत दाबाखाली ठेवतात. पातळ थर साच्यावर वाकवून कमानीही करता येतात. शेवटी घटकास अंतिम माप दिले जाते.

प्रमुख प्रकार

* *ग्लुलॅम* – सर्व थरांचे तंतू एकाच दिशेने असलेले चिकटस्तरित लाकूड. तुळया, खांब व कमानींसाठी.
* *आडव्या थरांचे लाकूड* – लगतच्या थरांचे तंतू परस्परांना काटकोनात असलेले जाड फलक. भिंती व मजल्यांसाठी. यास ‘सीएलटी’ म्हणतात.
* *एलव्हीएल* – ओंडका सोलून काढलेल्या पातळ पापुद्र्यांचे, तंतू समांतर ठेवून केलेले लाकूड.
* *ब्लॉकबोर्ड व फ्लश दरवाजा* – गाभ्यात लाकडी पट्ट्या आणि दोन्ही बाजूंस पापुद्रे असलेले फलक. ब्लॉकबोर्ड भार पेलणाऱ्या तुळईच्या जागी वापरण्यासाठी नसतो.

इतिहास

आखूड लाकडातून मोठे गाळे छावण्याची कल्पना जुनी आहे. फ्रेंच वास्तुविशारद फिलिबेर द लोर्म याने १५६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लहान फळ्या जोडून कमी खर्चात छताच्या कमानी उभारण्याची रीत सांगितली. जर्मनीतील वायमार येथील ओटो हेत्सर याने १९०६ मध्ये चिकटस्तरित वक्र घटकांचे एकस्व (पेटंट) मिळवले. त्या काळी दुधातील केसीनपासून केलेले आसंजक वापरत. ते ओलाव्यात टिकत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिसॉर्सिनॉलयुक्त जलरोधक आसंजके उपलब्ध झाल्यावर उघड्या जागीही असे घटक वापरता येऊ लागले.

सीएलटीचा विकास १९९० च्या दशकात प्रामुख्याने ऑस्ट्रिया व जर्मनीत झाला. नॉर्वेतील ब्रुमुनदाल येथे २०१९ मध्ये पूर्ण झालेली ‘म्योस्तोर्नेत’ ही १८ मजली, ८५.४ मीटर उंचीची इमारत ग्लुलॅमच्या सांगाड्यावर उभी आहे.

सर्वच प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. ऑस्ट्रेलियात विरळणीतील बारीक पाइन ओंडके रुळांखाली चिरडून, तंतूंची जाळी न तोडता ती आसंजकासह दाबण्याची ‘स्क्रिंबर’ पद्धत विकसित झाली. माउंट गॅम्बियर येथे तिचा कारखानाही उभारला गेला. परंतु १९९० च्या दशकाच्या आरंभी हा प्रकल्प सोडून द्यावा लागला. हीच कल्पना पुढे चीनमध्ये बांबूसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

भारतातील स्थिती

सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर नैसर्गिक जंगलांतील तोडीवर कठोर निर्बंध आले आणि लाकूड उद्योग शेतातील व लागवडीतील झाडांकडे वळला. हरियाणातील यमुनानगर येथील प्लायवुड उद्योग शेतकऱ्यांनी लावलेल्या पॉपलर व निलगिरीवर उभा आहे. केरळात चीक कमी झालेली रबराची झाडे साधारण २५ ते ३० वर्षांनी तोडतात. त्यांचे लाकूड कीड व बुरशीस लवकर बळी पडते, म्हणून त्यावर बोरॉनयुक्त क्षारांची प्रक्रिया करतात आणि आखूड तुकडे दातेरी सांध्यांनी जोडून फलक तयार करतात. देहरादून येथील वन संशोधन संस्था व बंगळूर येथील प्लायवुड संशोधन संस्था यांनी या क्षेत्रात संशोधन केले आहे. भारतीय मानक ब्युरोचे ब्लॉकबोर्डसाठी आय.एस. १६५९ आणि फ्लश दरवाजांसाठी आय.एस. २२०२ हे मानक आहेत.

मर्यादा व दक्षता

* संयुक्त लाकडाचे बळ सांध्यांइतकेच असते. वाईट चिकटवलेला सांधा बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून कारखान्यात नमुने तोडून पाहण्याची चाचणी आवश्यक असते. सांधा चांगला असल्यास तडा चिकटद्रव्यात न जाता लाकडात जातो.
* घरात वापरण्याचे आसंजक सतत भिजणाऱ्या जागी चालत नाही. कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. आसंजक जलरोधक असले तरी लाकूड वाळवीरोधक होत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया करावी लागते.
* काही आसंजकांतून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचे वर्गीकरण मानवात कर्करोग उत्पन्न करणारा पदार्थ असे केले. कमी उत्सर्जनाचे फलक वापरणे व खोल्यांत हवा खेळती ठेवणे हितावह असते.
* जाड घटक आगीत मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर या गतीने कोळसा होत जातात आणि आतील लाकूड काही काळ भार पेलत राहते. पातळ घटकांना हा लाभ मिळत नाही. उघडे लोखंडी जोडही आगीत लवकर तापून दुबळे होतात, म्हणून ते लाकडाने झाकणे इष्ट असते.