नदीकाठचे जीवाश्म : उचलावेत की सोडावेत?

पाणी ओसरले की नदी-तलावांच्या काठावर पुरातन हाडे, दात आणि शिंपले उघडे पडतात. अमेरिकेत सार्वजनिक जमीन अफाट असल्याने हौशी संग्राहकांची पावले साहजिकच अशा काठांकडे वळतात. मात्र सापडलेली वस्तू खिशात टाकण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : जमीन कोणाची आणि अवशेष कोणत्या जीवाचा.

संघराज्याच्या जमिनींसाठी २००९ मध्ये जीवाश्म संरक्षणाचा कायदा झाला. भूव्यवस्थापन विभाग आणि वनसेवा यांच्या बहुतांश जमिनींवर शिंपले, पानांचे ठसे असे सर्वसामान्य जीवाश्म वैयक्तिक संग्रहासाठी विनापरवाना घेता येतात. मर्यादा दिवसाला २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो, आणि वर्षाला १०० पौंड. हातोडी-छिन्नी चालते, यंत्र आणि विक्री निषिद्ध. पृष्ठवंशी प्राण्याचे हाड वा दात मात्र परवान्याविना उचलता येत नाही आणि हा परवाना अभ्यासकांनाच मिळतो. राष्ट्रीय उद्यानांत तर साधा शिंपलाही जागेवरच ठेवायचा.

ही कठोरता अनाठायी नाही. थरातून निखळलेले हाड आपल्या काळाचा पुरावा गमावून बसते. २०२३ मध्ये युटातील पॉवेल जलाशयाची पातळी खालावली असताना सस्तन प्राण्यांच्या निकटच्या आप्तांची, ट्रायटायलोडॉन्टिडांची, ज्युरासिक काळातील हाडे संशोधकांना काठावर आढळली. बर्फ वितळून पाणी पुन्हा चढण्यापूर्वीच नोंदी करणे भाग होते. तत्पूर्वी एखाद्या पर्यटकाने चार हाडे नेली असती, तर ती हानी भरून निघाली नसती.

फ्लोरिडाने निराळी वाट धरली आहे. तेथे राज्याच्या मालकीचे नदीपात्रही सार्वजनिक जमीनच. पीस नदीत मॅमथचा दात शोधायचा तर गेन्सव्हिल येथील राज्य संग्रहालयाचा परवाना लागतो. तो सामान्य नागरिकालाही मिळतो. सापडलेल्या वस्तूंची माहिती संग्रहालयाला कळवावी लागते. संग्रहालयाने साठ दिवसांत मागणी केली नाही, तर वस्तू शोधणाऱ्याची होते. संघराज्याच्या जमिनीवर वर्ज्य असलेला शार्कचा दात येथे परवान्याविनाही उचलता येतो! त्याच वाळूत दगडी बाणाचे टोक आढळले, तर मात्र हात आवरावा. मानवनिर्मित वस्तू पुरातत्त्व खात्याच्या कक्षेत येतात आणि नदीतील सुट्या वस्तू ठेवून घेण्याची सवलत फ्लोरिडाने २००५ मध्येच बंद केली.