चेनसॉच्या कुळातली अळी

कोकणातल्या आंबेवाल्याला भिरुडाची ओळख करून द्यावी लागत नाही. खोडाला भोक दिसतं, भोकातून भुसा गळायला लागतो, आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर आधी फांदी आणि मग झाड हातचं जातं. मग तारेचा आकडा घालून अळी ओढून काढायची, पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा आत कोंबायचा, वरून चिखल लिंपायचा. या अळीचं शास्त्रीय कूळ धुंडाळताना मला तिची एक अमेरिकन चुलतबहीण सापडली आणि तिचा माग काढत मी थेट चेनसॉच्या दुकानात पोचलो. झाडं तोडणाऱ्या मशीनच्या साखळीवर आज जो दात दिसतो, त्याचा नमुना या चुलतबहिणीच्या जबड्यात आहे. हे कळल्यापासून मी कोणाही झाडतोड्याला गाठून ही कथा ऐकवतो. त्यांना ती फारशी आवडत नाही. ‘मशीन कितीचं घ्यावं ते सांगा’ म्हणतात.

आपला भिरूड म्हणजे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. ती बहीण म्हणजे एर्गाटिस स्पिक्युलेटस. दोघींचं घराणं एकच, लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं. भिरूड जिवंत आंबा-फणसात शिरतो. ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या जंगलात, पाइन आणि डग्लस फरच्या मेलेल्या बुंध्यांत राहते. करंगळीएवढी वगैरे नव्हे, चांगली तर्जनीएवढी जाड अळी. १९४६ च्या शरद ऋतूत ऑरेगनमध्ये जोसेफ बफर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या कुऱ्हाडीने सरपण फोडत असताना ती त्याला एका बुंध्यात दिसली. रेषांना आडवं जायचं असो की रेषांच्या बाजूने, ती टणक लाकडातून सारख्याच सहजतेने वाट काढत होती. कॉक्सला करवतींचा अनुभव होता आणि त्या वेळच्या साखळी करवतीच्या दातांचा वैतागही होता. त्याने अळीचं तोंड निरखून पाहिलं. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले दोन जबडे, एक डावीकडून उजवीकडे, दुसरा उजवीकडून डावीकडे, आळीपाळीने. पोर्टलंडमधल्या घराच्या तळघरात बसून त्याने तो आकार पोलादात उतरवायचा खटाटोप केला, आणि १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पहिली साखळी विकली गेली. कंपनीचं नाव ठेवलं ऑरेगन सॉ चेन. ‘ऑरेगन’ छाप साखळ्या आजही आपल्याकडच्या दुकानांत टांगलेल्या असतात, त्या याच वंशातल्या.

पण ही कथा सांगायला तोंड उघडलं की समोरचा हमखास दुसरीच सांगतो: चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला. हा दावा हल्ली फार लोकप्रिय आहे, कारण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्यात तथ्य आहेच, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही.

अठराव्या शतकात मूल अडलं की डॉक्टरांपुढे मोठा पेच असे. पोट फाडून मूल काढणं म्हणजे आईचा मृत्यू जवळजवळ ठरलेला. १७७७ साली पॅरिसमध्ये सिगो नावाच्या डॉक्टरने ओटीपोटाखाली समोर दोन हाडं जुळतात तो सांधा कापून वाट रुंद केली; आई आणि मूल दोघंही वाचली. त्याने वापरला साधा चाकू. चाकूने हे काम अवघड, आजूबाजूला इजा होण्याची भीती मोठी. एडिंबराच्या जॉन एटकिनने सुईणकीवरच्या आपल्या पुस्तकात १७८५ साली एका लवचिक करवतीचं चित्र छापलं: दातेरी कड्यांची बारीक साखळी, दोन टोकांना दोन मुठी, हाडामागून ओवून घ्यायची आणि आळीपाळीने ओढायची. ग्लासगोच्या जेम्स जेफ्रेने तशीच करवत आपली आपल्याला सुचल्याचं सांगत १८०६ साली छापली. त्याला ती हवी होती सडलेले सांधे कापून काढायला, म्हणजे अख्खा पाय तोडावा लागू नये. त्याची साखळी होती घड्याळातल्या साखळीच्या धर्तीवर. जुन्या घड्याळांत स्प्रिंगचा जोर सारखा ठेवायला एक शंकू असे आणि त्यावर केसांशी स्पर्धा करील अशी साखळी गुंडाळलेली असे. (इंग्लंडमध्ये क्राइस्टचर्च गावी १७९० च्या सुमारास अशा साखळ्यांचा धंदा उभा करणाऱ्याचं नाव रॉबर्ट कॉक्स. पोर्टलंडच्या कॉक्सशी त्याचं नातं जोडायचा मोह मला झाला, पण कॉक्स हे तिकडचं कुलकर्णी आहे.) हाच जेफ्रे १८१८ साली, ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरी छापून आली त्याच वर्षी, फाशी गेलेल्या एका खुन्याच्या प्रेतातून वीज खेळवण्याच्या जाहीर प्रयोगात पुढे होता. अशा माणसाला चेनसॉचा बाप ठरवायला कोणाला आवडणार नाही?

मला मात्र तो बाप वाटत नाही, फार तर चुलता. एटकिन-जेफ्रेच्या करवतीला पट्टी नाही, चाक नाही, ती गोल फिरत नाही. दोन हातांनी ओढायची दातेरी दोरी ती. तिचा वंश सरळ पुढे जातो तो फ्लॉरेन्सच्या लिओनार्दो जिल्यीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने साखळीच्या जागी पिळलेली तार आणली आणि ती तार अजून शस्त्रक्रियेच्या पेटीत आहे. हा वंश दवाखान्यातच जन्मला आणि दवाखान्यातच राहिला.

खरा प्रतिस्पर्धी वेगळाच आहे. जर्मनीत वुर्त्सबुर्गला बर्नहार्ड हाइनं १८३० साली हाड कापायचं एक यंत्र बनवलं: चपटी पट्टी, तिच्या कडेने फिरणारी अखंड दातेरी साखळी, मागे फिरवायला दांडा. त्याचं चित्र पाहा. आजचं मशीन लहान करून त्याचं इंजिन काढून टाकलं तर हेच उरेल. इथे बाळंतपणवाले जिंकल्यासारखे वाटतात, फक्त हे यंत्र बाळंतपणाचं नव्हतं. मी त्यांना एवढंच विचारतो, या पट्टीवरून जंगलात कोण गेलं? हाइनंचं यंत्र कुशल कारागिराने घडवलेलं, महागडं, मूठभर शल्यवैद्यांच्या हातातलं. जंगलातल्या यंत्रांची साखळी आली कारखान्यांतून. १८८० साली मँचेस्टरला हान्स रेनॉल्डने बुश-रोलर साखळी काढली, ती सायकलींत गेली, गिरण्यांत गेली. फिरणारी साखळी कशीही वाकवा, ओढा, हे सगळ्या जगाला पाठ झालं. त्यानंतर तिच्यावर दात बसवायची कल्पना सुचायला वैद्यकाचं पुस्तक उघडावं लागत नाही. सारखी गरज असली की दोन ठिकाणी सारखं अवजार निघतं.

आणि मुळात अवजारं कोणत्या दिशेने प्रवास करतात? सुश्रुताने वीस शस्त्रांची यादी दिली आहे, तीत ‘करपत्र’ आहे. आपली करवत हा त्याच शब्दाचा झिजलेला अवतार. म्हणून कोणी म्हणेल का की सुताराने करवत वैद्याकडून घेतली? उलटं झालं असणार हे उघड आहे. जेफ्रेने घड्याळजीकडून घेतलं. हाइनं वाढला तोच अवयवांना आधार देणारी उपकरणं बनवणाऱ्या घराण्यात. वैद्य कारागिरांकडून उचलतो. कारागीर वैद्याकडून उचलतो तेव्हा मला पुरावा हवा असतो, आणि इथे तो कोणी दाखवलेला नाही.

मधले टप्पे सर्वांना माहीत आहेत, भराभर उरकतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्सला १९०५ साली रेडवुडचे अजस्र वृक्ष कापणाऱ्या अखंड साखळी करवतीचं पेटंट मिळालं. १९२६ साली श्टुटगार्टला आंद्रेआस श्टीलने विजेवर चालणारी करवत काढली, १९२९ साली पेट्रोलवरची. १९२७ साली एमिल लेर्पने थुरिंजियातल्या डोल्मार डोंगरावर आपलं यंत्र चालवून दाखवलं आणि कंपनीला डोंगराचंच नाव दिलं. ही सगळी यंत्रं दोन माणसांनी उचलायची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तशी अमेरिका-कॅनडात आपापली यंत्रं निघाली, आणि १९४९ साली मॅककलकची एका माणसाला पेलणारी, अकरा-बारा किलोंची करवत बाजारात आली. याच रॉबर्ट मॅककलकने पुढे १९६८ साली लंडन ब्रिज विकत घेऊन दगड-दगड ॲरिझोनाच्या वाळवंटात नेला. करवतीत किती पैसा होता याचं याहून ठळक प्रमाणपत्र मला ठाऊक नाही.

इंजिनांची ही चढती कमान सांगताना लोक दात विसरतात. तिथेच सगळं अडलं होतं. या यंत्रांच्या साखळीवर दात होते ते हातकरवतीचे. दोघांनी ओढायच्या लांब करवतीत काही दात डावीकडे वळवलेले असतात, काही उजवीकडे. ते लाकडाच्या रेषांवर दोन समांतर ओरखडे काढतात, आणि मधेमधे असलेले खरवडे त्या दोन ओरखड्यांमधलं लाकूड उपसतात. माणसाच्या हाताच्या वेगाला हे ठीक. इंजिनाच्या वेगाला हे दात लवकर बोथट व्हायचे, पिठासारखा भुसा खाचेत कोंबला जायचा, आणि धार लावायला प्रत्येक दात त्याच्या कोनात घासणारा कसबी माणूस लागायचा. यंत्र दहापट बळाचं आणि दात आजोबांचा, अशी अवस्था. इंजिन मोठं करत गेलं तर फक्त भुसा जास्त बारीक होतो.

अळी ओरखडत नाही. तिचा वळलेला जबडा एकाच घासात बाजूने रेषा तोडतो आणि खालून ढलपी उचलतो. कॉक्सच्या दाताला तशीच एक उभी बाजू आहे, ती रेषा कापते. वरचं आडवं टोक पटाशीसारखं लाकडात घुसून ढलपी काढतं. आणि दात एकाआड एक डावे-उजवे. प्रत्येक दातापुढे एक बुटका खुंट असतो, तो दाताला फार खोल जाऊ देत नाही. जाड पानापेक्षा जास्त घास घेतला की साखळी अडकते, मशीन उसळतं.

इथे एक सुतार मित्र मला अडवतो. तो म्हणतो, ही तुमची अळी कशाला हवी, हा तर रंधा! रंध्याचं पातं किती बाहेर काढायचं यावर ढलपी किती जाड निघणार हे ठरतं. तुमचा खुंट तेच करतो. मला हे निम्मं मान्य आहे. अळीच्या तोंडापुढे असा खुंट नसतो, तेव्हा तो तिच्याकडून आलेला नाही. माझा पक्का कयास असा की कॉक्सच्या हातात रंधा, पटाशी, कानस हे सगळं आधीपासून होतं. त्याला हवी होती ती फक्त वळण दाखवणारी एक आकृती, जी हातकरवतीत नव्हती आणि रंध्यातही नव्हती. रंध्याचं पातं सरळ असतं, ते रेषांच्या बाजूने चालतं. आडवं चालवलं तर लाकूड फाडतं. आडव्या कापासाठी बाजूने रेषा तोडणारी धारही लागते, आणि दोन्ही धारा एकाच वळणात जोडलेल्या दिसतात त्या अळीच्या जबड्यात.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: ही कथा सांगितली कोणी? कॉक्सने आणि त्याची साखळी विकणाऱ्या कंपनीने. जाहिरातीला याहून चांगली गोष्ट कुठे मिळणार? शिवाय ती फारच ओळखीची आहे. ग्रीकांच्या पुराणात डेडलस नावाच्या कारागिराच्या भाच्याने करवत शोधली; रोमन कवी ओव्हिड सांगतो माशाच्या काट्यावरून, दुसरा पाठ सांगतो सापाच्या जबड्यावरून. मामाने मत्सराने त्याला कड्यावरून ढकललं. म्हणजे करवतीचा जन्म कोणाच्या तरी जबड्यात लावायची सवय माणसाला दोन हजार वर्षांची. तरी मी कॉक्सवर विश्वास ठेवतो, आणि तो दात पाहून ठेवतो. पुराणातला जबडा करवतीसारखा दिसतो म्हणून कथेत आला. अळीचा जबडा त्या काळच्या करवतीसारखा मुळीच दिसत नव्हता; करवत नंतर त्याच्यासारखी दिसू लागली. कथा मागून रचायची तर कोणी हातकरवतीची वंशावळ सोडून बुंध्यातल्या किड्याचं नाव कशाला घेईल?

दाताच्या या वळणाने आणखी एक गोष्ट साधली, तिचं श्रेय अळीला द्यायचं की नशिबाला हे तुम्ही ठरवा. दाताची खोबण गोल झाल्यामुळे धार लावायला एक गोल कानस पुरते. खोबणीत बसवायची, एकाच दिशेने तीन-चारदा सारायची, पुढचा दात. कसबी धारवाल्याची गरज संपली आणि यंत्र जंगलाबाहेर, बागायतदाराच्या शेडमध्ये येऊ शकलं. दाताच्या बाहेरच्या अंगाला क्रोमचा पातळ, कडक थर असतो. प्रत्यक्ष कापते ती त्या थराची कड, आतलं पोलाद तिला आधार देतं. लाकूड पोखरणाऱ्या कित्येक किड्यांच्या जबड्याच्या कडेतही जस्त किंवा मँगेनीज सापडतं, म्हणजे धातूची धार त्यांच्याकडेही आहे. क्रोमचा थर मात्र अळीकडून आलेला नाही, तो सरळ कारखान्याचा आहे. इथे मी माझा सिद्धांत ताणत नाही.

मशीन घ्यायला जाणारे इंजिन किती सीसीचं आणि पट्टी किती इंची एवढंच विचारतात. नारळाच्या झावळ्या आणि आंब्याच्या फांद्या छाटायच्या असतील तर लहान इंजिन आणि चौदा-सोळा इंची पट्टी पुरते, मोठं मशीन झाडावर घेऊन चढणारा माणूस दमतो आणि दमलेला हात चुकतो. पण दुकानदाराला ते सुरू करून ओंडक्यावर टेकवायला जरूर सांगा आणि खाली काय पडतं ते बघा. जाड जाड ढलप्या पडल्या तर दात कॉक्सचं काम करतो आहे. पीठ पडलं तर इंजिन कितीही मोठं असो, आधी कानस मागा.