दुपट्यातला इतिहास

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, किल्ले आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु जो इतिहास घडी घालून ट्रंकेत ठेवला जातो, त्याच्याकडे आपले लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. आपल्या परभणी जिल्ह्यात घरोघरी शिवली जाणारी गोधडी, आणि तिचे धाकटे रूप म्हणजे तान्ह्या मुलाला गुंडाळून मांडीवर घेण्याचे नक्षीदार दुपटे, हाच तो इतिहास होय.

या कलेचे नाते फार जुने आहे. आपल्याच जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. पंढरपुरी नामदेवांच्या घरी त्या राबल्या. एके रात्री विठ्ठल जनाबाईंच्या झोपडीत आले आणि पहाटे घाईने जाताना आपले पदक तेथेच विसरून जनाबाईंची वाकळ पांघरून गेले, ही कथा सर्वश्रुत आहे. कथा श्रद्धेची खरी. पण देवाच्या खांद्यावर वाकळ घालणाऱ्या लोकांना तिची लाज वाटत नव्हती, एवढे त्यातून निश्चित कळते. सूफी परंपरेतही ठिगळांचा खिरका हा फकिरीचा मान समजला गेला. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः शिवत व पादत्राणे स्वतः सांधत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. सुईदोऱ्याचे काम हलके नाही, याला याहून मोठी साक्ष कोणती हवी?

आता दुपटे कसे होते ते पाहू. अनेकदा धुऊन मऊ झालेले सुती लुगडे वा साडी घेतात. साधारण दीड हात लांब व सव्वा हात रुंद असे थर एकावर एक अंथरून, सुरकुती न ठेवता कच्चे टाके घालतात. वरच्या थरासाठी शिंप्याकडील कातरणे जुळवतात. दोन त्रिकोणांचा एक चौकोन, चौकोनांची चौकडी, तिरप्या चौकोनांची शंकरपाळी! मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यापर्यंत येतात. टाका सर्व थरांतून गेला नाही, तर धुण्यात आतले कापड गोळा होते. दोऱ्याची गाठ आत लपवतात, कारण ती बाळाच्या अंगाला टोचता कामा नये. भूमितीचे पुस्तक कधी न उघडलेल्या हातांची ही भूमिती आहे.

गोधडी जुन्या कापडाची, तर दुलई कापसाची. आपली काळी जमीन कापसाची, आणि तो पिंजून देणारा पिंजारी बहुधा मुसलमान. ‘नदाफ’ हे आडनाव अरबी ‘नद्दाफ’ म्हणजे कापूस पिंजणारा, या शब्दावरून आले. इ.स. ९२२ मध्ये बगदाद येथे मृत्युदंड भोगणारे सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्या नावातील ‘हल्लाज’चा अर्थही पिंजारीच. थंडीच्या तोंडावर पिंजणाच्या तातीचा आवाज गल्लीत आला, की हिंदू काय आणि मुसलमान काय, दोघांच्याही घरचा कापूस अंगणात येई. यंत्रे आली आणि तो आवाज विरला.

ही कला आपल्यापुरतीच नाही. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या मुस्लिम, ख्रिस्ती व हिंदू स्त्रिया कडेपासून मध्याकडे शिवत ‘कवंदी’ तयार करतात. बंगालच्या नक्षीदार कांथ्यावर कवी जसीमउद्दीन यांनी १९२९ साली ‘नक्षी कांथार माठ’ हे काव्य लिहिले. त्यातील नायिका आपली व्यथा कांथ्यावरच टाक्यांनी मांडते.

वाचकहो, १९५१च्या जनगणनेत देशातील स्त्री-साक्षरता ९ टक्क्यांहूनही कमी होती. म्हणजे आपल्या बहुतेक आज्या-पणज्यांनी कागदावर एक ओळही लिहून ठेवली नाही. त्यांचे हस्ताक्षर शोधायचेच असेल, तर ते या टाक्यांत आहे. कोणाच्या लग्नातल्या साडीचा काठ, कोणाच्या लुंगीची चौकडी, कोणत्या टंचाईच्या वर्षी जपलेली चिंधी, हे सारे त्या दुपट्यात नोंदलेले असते. पण ते वाचून दाखवणारी माणसे एकेक करून निघून चालली आहेत.

आज आपल्या मुली शाळा-महाविद्यालयांत जात आहेत, ही अत्यंत आनंदाची गोष्ट आहे. मात्र शिकलेल्या मुलीला आईच्या ठिगळांची लाज वाटू लागली, बाजारचे ब्लँकेट आले म्हणून घरची गोधडी पोत्यात भरली गेली, तर शिक्षणाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले असेच म्हणावे लागेल. विद्या आईपासून तोडणारी नसावी.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला व विद्यार्थिनीला एक नम्र विनंती. येत्या सुटीत घरातले सर्वांत जुने दुपटे काढा, दादी-नानीजवळ बसा आणि विचारा: हे कोणी शिवले, कोणासाठी, कापड कोणाचे, या नक्षीला घरात काय म्हणतात? उत्तरे वहीत उतरवा आणि त्यांच्यावर शिवणारीचे पूर्ण नाव लिहा. ज्या हातांनी कधी सही केली नाही, त्यांचे नाव लिहिण्याइतके आपण आता शिकलो आहोत.