मोहिनी कोणाच्या हातात?

‘मोहिनी घालणे’ हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्यातला भीतीचा अंश आपण विसरून गेलो आहो. एकाने नजर रोखावी आणि दुसऱ्याने भान हरपून त्याचा गुलाम व्हावे, ही कल्पना मुलांच्या गोष्टींत मौजेची वाटते. पण एखाद्या डॉक्टरांनी संमोहनाचा उपचार सुचविला की तीच कल्पना मनात आडवी येते. हे सामर्थ्य खरोखर कोणाचे? नजर रोखणाऱ्याचे, की डोळे मिटणाऱ्याचे? ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर एका गोमंतकीयाने दिले, आणि तेही पॅरिसमध्ये. ती हकीगत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याजोगी आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर ह्या वैद्याची मोठी चलती होती. विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून राहिला आहे आणि तो आपल्याला रोग्याच्या अंगात वळविता येतो, असे तो म्हणे. त्याच्यासमोर रोगी थरथरत, रडत, मूर्च्छित पडत आणि पुष्कळांना बरेही वाटे. १७८४ साली सोळाव्या लुई राजाने चौकशीसाठी मंडळ नेमले. विजेचा अभ्यासक बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझ्ये हे त्याचे सभासद होते. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेत मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूच्या एका झाडात तो द्रव भरला, आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाशी पोर बेशुद्ध पडले. भारलेले झाड तर अजून दूरच होते! मंडळाने निकाल दिला: द्रव वगैरे काही नाही, ही सारी कल्पनेची करामत.

निकाल बिनचूक होता. पण ‘कल्पना’ म्हटले की विषय संपला, असे पंडितांना वाटले. कल्पनेने एक पोर जमिनीवर कोसळत असेल, तर ती कल्पना म्हणजे आहे तरी काय?

हा प्रश्न उराशी धरणारा माणूस बार्देशातल्या कांदोळी गावचा. जुझे कुस्तोदियु फारिया त्याचे नाव. जन्म १७५६ चा. आईबापांनी संसार मोडून धर्मदीक्षा घेतली. १७७१ साली बाप मुलाला घेऊन पोर्तुगालला गेला. रोममध्ये शिकून मुलगाही पाद्री झाला. त्याच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात घरोघर सांगतात. लिस्बनच्या राजमंदिरात तो प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचे सरदार-दरकदार पाहून त्याची दातखीळ बसली. तेव्हा बाप खालून कोकणीत पुटपुटला, ‘‘ही सगळी भाजी. कातर रे भाजी!’’ समोरची माणसे म्हणजे पालेभाजी, काप खुशाल! आणि वाणी मोकळी झाली. आख्यायिका खरी असो वा नसो, बापाने मुलाला नवे सामर्थ्य काही दिले नव्हते. त्याच्याजवळ होते तेच एका वाक्याने सुटे झाले.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आला आणि पुढल्याच वर्षी फारिया पॅरिसला गेला. तेथे १८१३ साली क्लीशी रस्त्यावर त्याची जाहीर व्याख्याने सुरू झाली. तो हात फिरवीत नसे, की द्रवाचे नाव घेत नसे. माणसाला आरामखुर्चीत बसवी, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगे आणि मग खणखणीत स्वरात म्हणे, ‘‘झोपा!’’ काही जण झोपत. काहींना झोप येत नसे. त्यांना तो सोडून देई. झोपेचे कारण झोपणाऱ्याच्याच ठायी असते. आपण फक्त निमित्त होतो, असे त्याचे सांगणे होते. रक्त पातळ असलेली माणसे लवकर झोपतात, हा त्याचा तर्क मात्र पुढे टिकला नाही.

ह्या मतामुळे तो सर्वांचाच नावडता झाला. द्रववाल्यांचा द्रव त्याने काढून घेतला होता, धर्मपंडितांना त्यात सैतान दिसला आणि १८१६ साली रंगभूमीवर त्याची टवाळी करणारे प्रहसन रंगले. १८१९ साली त्याने आपले विचार पुस्तकरूपाने मांडले आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो वारला. पुढे अलेक्झांद्र द्यूमाने ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’मध्ये त्याचे नाव उचलले आणि त्याला इटालियन करून तुरुंगात बसविले. आम्हा कादंबरीकारांची ही जुनी खोड!

शास्त्राने मात्र त्याची वाट सोडली नाही. १८४३ साली मँचेस्टरचा शल्यवैद्य जेम्स ब्रेड ह्याने ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. बंगालमध्ये हुगळीला डॉ. जेम्स एस्डेल ह्याने १८४५ पासून रोग्यांना अशाच निद्रेत नेऊन मोठमोठ्या गाठी कापल्या. त्याचा विश्वास द्रवावरच होता. पण वेदना थांबत होती ती रोग्याच्या मनात. १८४७ साली क्लोरोफॉर्म आला आणि हा उपचार मागे पडला. पुढे १९९७ साली माँट्रियलच्या संशोधकांनी संमोहित माणसांचे हात ऊन पाण्यात ठेवून मेंदूची चित्रे घेतली. ‘त्रास कमी होतो आहे’ असे सुचविताच, स्पर्शाची वार्ता घेणारा भाग पूर्ववत राहिला आणि त्रासाशी निगडित असलेल्या भागाचे काम मंदावले. म्हणजे वार्ता पोचत होती. तिचा जाच तेवढा उतरला होता.

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी फारियाचा ब्राँझचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. फारियाचे हात पसरलेले आहेत आणि समोर एक स्त्री भान हरपून कलंडली आहे. शिल्प देखणे आहे, पण पाहणाऱ्याची नजर त्या हातांवरच खिळते. मुलांना घेऊन गोव्याला गेलात, तर त्यांना ती स्त्री आधी दाखवा. फारियाने जन्मभर सांगितले ते तिच्याविषयी.