बीड जिल्ह्यातील बाजारवाचक शब्द आणि त्यांचे जपानी पर्याय

मराठवाड्यातील ग्रामीण अर्थव्यवहाराचा इतिहास जपानी भाषेत सांगावयाचा झाल्यास पहिली अडचण ‘बाजार’ या शब्दापाशीच उभी राहते. कोशात त्याला ‘इचिबा’ हा पर्याय सहज सापडतो, आणि तो चुकीचाही नाही. परंतु बीड जिल्ह्यातील शेतकरी जेथे ज्वारी घालतो, जेथे मीठमिरची घेतो आणि जेथे बैल विकतो, ती तीन ठिकाणे त्याच्या बोलण्यात वेगळ्या नावांनी ओळखली जातात. पहिल्या ठिकाणी तो बहुधा अडत्याच्या उचलीखाली दबलेला विक्रेता असतो, दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक, तिसऱ्या ठिकाणी बरोबरीने घासाघीस करणारा. तिन्हींना एकच शब्द योजिला म्हणजे कर्जाचा व्यवहार इतिहासातून परस्पर गळून पडतो.

आठवडी बाजाराचे नाते ‘इचि’ या जुन्या जपानी शब्दाशी निकटचे आहे. संस्कृत ‘हट्ट’पासून आलेला ‘हाट’ आणि ‘इचि’ हे दोन्ही शब्द ठरल्या दिवशी भरून उठणाऱ्या बाजाराचे आहेत. मात्र दिवस मोजण्याची रीत भिन्न. दक्षिणेत बाजार वारावर चालतो. जपानात तो तिथीवर चाले. योक्काइचि या शहराच्या नावाचा अर्थ ‘चौथीचा बाजार’. म्हणजे महिन्याच्या ४, १४ आणि २४ या तारखांना भरणारा. म्हणून ‘आठवडी’ हे विशेषण अक्षरशः उतरविण्यापेक्षा भूगोलज्ञांचा ‘तेइकि-इचि’, म्हणजे नियतकालिक बाजार, हा शब्द घेऊन वार स्वतंत्र सांगावा हे बरे.

‘पेठ’ हा शब्द द्राविडी कुळातला. कन्नडात ‘पेटे’, तेलुगूत ‘पेट’. पेठ म्हणजे केवळ विक्रीची जागा नव्हे. ती वस्ती आहे, तिला शेटे-महाजन असत, आणि ती वसविताना सरकार कौल देऊन काही वर्षांची करमाफी करीत असे. येथे जपानी इतिहासातील एक दाखला मार्मिक ठरतो. ओदा नोबुनागाने १५६७ मध्ये कानो येथे आणि १५७७ मध्ये अझुचि येथे ‘राकुइचि-राकुझा’ची आज्ञापत्रे काढून व्यापाऱ्यांना कर व मक्तेदारी यांच्या जाचातून मोकळीक दिली. कौलनाम्याचा हेतू समजावून देण्यास जपानी वाचकापुढे याहून चांगले उदाहरण नाही. तरीही ‘पेठ’ला ‘राकुइचि’ म्हणू नये; ते सवलतीचे नाव आहे, वस्तीचे नव्हे. वस्तीसाठी ‘माचि’ हाच शब्द योग्य. बीड शहरातील ‘पेठ बीड’ हे नाव त्याच अर्थाचे.

त्याच शहरातील ‘बशीरगंज’ हे नाव मात्र फारसी परंपरेतले आहे. ‘गंज’ म्हणजे मुळात खजिना, कोठार, त्यावरून धान्यपेठ. लातूरची गंजगोलाई याच शब्दाची.

खरी कसोटी लागते ती ‘मोंढा’ या शब्दाशी. हैदराबाद संस्थानाच्या मराठी मुलखात घाऊक धान्य-कापसाच्या बाजाराला मोंढा म्हणत, आणि आजही म्हणतात. पुण्याकडील वाचकाला तो सांगावा लागतो. हिंदी आधी शिकलेला जपानी अभ्यासक येथे ‘मंडी’ आणि ‘मंडई’ एक समजून मोंढ्याला मंडई म्हणण्याचा संभव आहे. पण मराठीत मंडई म्हटली की भाजीच डोळ्यांपुढे येते. धान्य म्हणून ‘कोमे-इचि’, म्हणजे तांदळाचा बाजार, हा शब्द सुचेल. तोही टाळावा. ओसाकातील दोजिमा येथील ज्या तांदूळबाजाराला १७३० मध्ये शोगुनशाहीची मान्यता मिळाली, तेथे चिठ्ठ्यांचे आणि वायद्याचे सौदे होत. मोंढ्यात धान्याचे ढीग प्रत्यक्ष पडतात, हमाल ते उचलतात, मापाडी मोजतो.

त्याला जुळणारा शब्द कायद्याच्या भाषेत सापडतो. १९१८ च्या तांदूळ-दंगलींनंतर जपानात १९२३ साली मध्यवर्ती घाऊक बाजाराचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये क्योतो येथे असा पहिला बाजार उघडला. हैदराबाद संस्थानाचा शेतमाल बाजार कायदा १९३० चा. महाराष्ट्राचा १९६३ चा. दोन्ही देशांत उत्पादक आणि ग्राहक यांच्यामधल्या व्यवहारावर उघड नियम घालण्याचा हा प्रयत्न एका पिढीतला आहे. म्हणून नियंत्रित मोंढ्यासाठी ‘ओरोशिउरि शिजो’, म्हणजे घाऊक बाजार, हे नाव शोभते. १९३० पूर्वीच्या मोंढ्याला ते लावणे मात्र कालविपर्यास होईल; तेथे ‘मोंढा’ हाच शब्द ठेवून टीप द्यावी.

बैलबाजाराचे काम सोपे आहे. नेकनूरच्या बाजारासाठी ‘उशि-इचि’ हा शब्द पुरेसा आहे. हेड्याला ‘बाकुरो’ म्हणावे. आपल्याकडे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत असे. जपानी बाकुरो तेच किमोनोच्या बाहीत हात घालून करीत. यात्रेतील दुकानांना, उदाहरणार्थ परळीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत, देवाच्या विशिष्ट दिवसाशी निगडित ‘एन्निचि’ हा शब्द ‘इचि’पेक्षा जवळचा.

राहिली ‘बाजारपेठ’. कापसाला बाजारपेठ नाही, असे म्हणताना कोणतीही जागा अभिप्रेत नसते. मागणी अभिप्रेत असते. तेथे ‘शिजो’ असे म्हणावे. गंमत अशी की ‘इचिबा’ आणि ‘शिजो’ हे दोन्ही शब्द त्याच दोन चित्रलिपी-अक्षरांनी लिहितात. वाचन तेवढे बदलते. तेव्हा अनुवादकाने अशा ठिकाणी अक्षरांच्या बाजूला उच्चारदर्शक बारीक अक्षरे, ज्यांना ‘फुरिगाना’ म्हणतात, ती अवश्य द्यावीत. अन्यथा कापूस कोठे विकला गेला आणि कापसाला मागणी का नव्हती, ही दोन वाक्ये छापील पानावर एकसारखीच दिसतील.